थिबा पॅलेस, इतक्या वर्षांनी

मुंबईचा मावसभाऊ आला, म्हणाला थिबा पॅलेस दाखव, तेव्हा लक्षात आलं की रोज समोरून बाईक मारतो पण आत शेवटचं गेलो ते शाळेच्या ट्रिपला! रंगीत काचांची अर्धगोल तावदानं, त्यातनं आलेलं लाल-हिरवं ऊन थेट चपलांवर. ब्रह्मदेशाच्या या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ ला गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी इथं रत्नागिरीत आणून ठेवलं, हा वाडा मिळाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ ला रत्नागिरीतच गेला बिचारा. गंमत बघा, मंडालेचा राजा आमच्याकडे कैदेत आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात. नंतर थिबा पॉइंटवरनं भाट्याची खाडी बघत बसलो, भाऊ कंटाळला, मीच उठेना.