कांदा, कोंब आणि कोबाल्ट

श्रावण-भाद्रपदात कांद्याच्या टोपलीत हात घातला की एखाद्याला तरी हिरवा कोंब फुटलेला सापडतोच. एप्रिल-मेमध्ये भरून ठेवलेला उन्हाळ कांदा तोवर निमूट पडून असतो. तीस-पस्तीस अंशांच्या उकाड्यात त्याची झोप मोडत नाही. पावसाने हवा गार झाली की तो उठतो. (कोंब येऊ नयेत म्हणून कांदे फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.) एकदा कोंब निघाला की तो पापुद्र्यांतली साखर आणि पाणी ओढायला लागतो आणि चांगला टणक कांदा बघता बघता मऊ, पोकळ होतो. कांदाचाळीत साठवलेल्या मालाचं असं होतं तेव्हा शेतकऱ्याचं जे व्हायचं ते होतंच.

या कोंबाचा बंदोबस्त करायला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली नाशिक जिल्ह्यात, लासलगावला, ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र उभारलं. तिथे कांद्यावर कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूमधून निघणारे गॅमा किरण सोडतात. एवढं वाक्य ऐकलं की निम्म्या घरांत चमच्यासकट हात थांबतो. अणुवाल्यांचा कांदा! खाल्ला तर पोटात किरणं जाणार, आणि पोरांना काय काय होणार.

तर त्या कांद्यात नेमकं काय जातं ते पाहू. कोंब रोखायला लागणारी मात्रा साधारण ६० ग्रे. ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. ६० ज्यूलने किलोभर कांद्याचं तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकंही वाढत नाही. उन्हात ठेवलेली पाटी याच्या कितीतरी पट तापते. गंमत अशी की हीच ६० ग्रे मात्रा माणसाच्या सर्वांगाला मिळाली तर तो वाचायचा नाही. उपचार नसतील तर ४-५ ग्रेलाच निम्मी माणसं दगावतात. एवढीशी ऊर्जा आणि एवढा मोठा परिणाम, कारण गॅमा किरणांचा मार पेशीतल्या डीएनएवर बसतो आणि विभागणीच्या तयारीतली पेशी त्यातून सावरत नाही. माणसाच्या अस्थिमज्जेत आणि आतड्याच्या अस्तरात अशा पेशी अहोरात्र कामाला लागलेल्या असतात. कांद्यात त्या असतात फक्त बुडाशी, अगदी मधोमध, जिथून कोंब निघतो तिथे. बाकीचे पापुद्रे म्हणजे भरलेली कोठारं. त्यांना आता वाढायचंच नाही, तेव्हा किरणांचं सोयरसुतकही नाही.

आता मुख्य प्रश्न. किरण खाल्लेला कांदा स्वतः किरण सोडू लागतो का? एखादी वस्तू किरणोत्सर्गी करायची तर अणूच्या गाभ्यात ढवळाढवळ करावी लागते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप). पाण्यातल्या नगण्य प्रमाणातल्या जड हायड्रोजनचा गाभा फोडायलाही २.२ लागते, कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजनच्या गाभ्यांना तर दहाच्या आसपास किंवा वर. म्हणजे गाभ्यापर्यंत यांची मजल नाही. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना हुसकावून ते मोकळे होतात. पापड उन्हात वाळवला म्हणून रात्री डब्यात उजेड पाडत नाही, तसंच हे.

न्यूट्रॉनची गोष्ट निराळी. तो थेट गाभ्यात शिरून बसतो. साधा, निरुपद्रवी कोबाल्ट-५९ अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवला की त्याचा कोबाल्ट-६० होतो. आपल्याकडे हे काम राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत चालतं. किरणोत्सर्गी व्हायचं ते कोबाल्टने भट्टीतच होऊन घेतलेलं असतं. पुढे तो पोलादी नळ्यांत दुहेरी सीलबंद होतो आणि कांद्याला त्याचा कणही शिवत नाही.

आणि कांदा मुळात सोवळा कुठे आहे? शंभर ग्रॅम कांद्यात साधारण दीडशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादा अणू पोटॅशियम-४० चा, म्हणजे किरणोत्सर्गी. हिशेब केला तर किलोभर कांद्यात दर सेकंदाला ४५ च्या आसपास अणू फुटत असतात, ४५ बेकेरेल. लासलगावच्या दारातून आत जाताना ४५, बाहेर येताना ४५. केळ्यात हे प्रमाण जास्त, एकेका केळ्यात तेरा-चौदा बेकेरेल. शेतात टाकायच्या म्युरिएट ऑफ पोटॅश या पोटॅशियमच्या खताच्या पन्नास किलोच्या गोणीत सुमारे साडेसात लाख! ती गोणी पाठीवर मारून नेताना कोणी कपाळाला आठी घातल्याचं ऐकिवात नाही, आणि घालायचं कारणही नाही. साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात एकट्या पोटॅशियममुळे सेकंदाला चार हजारांच्या घरात अणू फुटतात. केळी जास्त खाल्ली म्हणून हा आकडा वाढत नाही, कारण शरीर जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं.

जीवनसत्त्वं मरतात, ही दुसरी तक्रार. एवढ्या मात्रेत जी काही घट येते तिच्याहून जास्त आपण फोडणीत जाळतो.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. या उपचाराला वेळेचं बंधन आहे. कांदा काढला, पातीसकट शेतात सुकवला, मान काढली, सावलीत वाळवला, की दोन-चार आठवड्यांच्या आत, म्हणजे कांदा गाढ झोपेत असतानाच, त्याला किरण द्यावे लागतात. आतला कोंब जागा झाल्यावर नेला तर पैसे फुकट. शिवाय किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. काळ्या बुरशीला मारायला हजारो ग्रे लागतील, आणि तेवढ्यात कांद्याचाच चिखल होईल. त्यामुळे चाळीतली खेळती हवा, ओला नि दुखावलेला माल निवडून टाकणं, यातून सुटका नाही. वजनातली तूटही चालूच राहते.

त्यात कोबाल्टला बटण नाही. काम असो, सुट्टी असो, तो किरण सोडत राहतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. वर्षाला बाराएक टक्के घट. माल नसला की त्याला जाड आडोशाच्या कोठीत किंवा खोल पाण्यात उतरवून ठेवायचं, एवढंच हातात. जसजसा तो क्षीण होतो तसतसं पेट्यांना त्याच्यासमोर जास्त वेळ ठेवावं लागतं. कांद्याचा हंगाम काही आठवड्यांचा आणि कोबाल्टची झीज बारमाही, हे गणित कांद्यावर जमणारं नव्हतंच.

जमलं ते आंब्यावर. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते, सोबत कीड येऊ नये म्हणून, विकिरणाच्या अटीवर, आणि हापूस-केसरच्या पेट्या लासलगावमार्गे जाऊ लागल्या. कोयीत दडून बसलेल्या भुंग्यापर्यंत ना धुरी पोचते ना गरम पाणी. गॅमा मात्र पेटी, फळ, कोय, सगळं भेदून जातो. इथे किमान मात्रा ४०० ग्रे. पेटीच्या मधल्या आंब्याला ४०० मिळायचे तर कडेच्याला जास्त मिळणार, आणि फार जास्त झाले तर साल डागाळते. म्हणून पेटी दोन्ही अंगांनी शेकायची आणि आत मात्रामापक ठेवून ताडून बघायचं. एवढं करूनही किडा लगेच मरतोच असं नाही. मात्र त्याचा वंश पुढे चालत नाही, आणि अटीला तेवढं पुरतं.

भीती बाळगायचीच तर त्या कोबाल्टची बाळगावी. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका प्रयोगशाळेतलं जुनं विकिरण यंत्र भंगारात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, आतला कोबाल्ट-६० हाताळला, आणि एकाचा जीव गेला. विकिरण केंद्रातल्या दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती आणि वळणावळणाची वाट त्याच्यासाठीच असते.

पाकिटबंद विकिरित मालावर हिरवी गोल खूण छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बाजारात सुटा मिळणारा कांदा ओळखायला किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर लावून काही उपयोग नाही, कारण आकडा दोन्हींचा तोच. काही महिने ठेवलेला विकिरित कांदा उभा चिरला तर कधी कधी मधला कोंब तपकिरी, वाळून गेलेला दिसतो. तो सुरीच्या टोकाने काढून टाकावा आणि बाकीचा कांदा खुशाल परतायला घ्यावा.