मिसळीतला पाव आणि कोर्लईचा किल्ला

आमची गोदावरी हाकेवरचा अरबी समुद्र सोडून पार बंगालच्या उपसागराला जाते. आम्ही नाशिककरही त्यातलेच. किल्ला म्हटलं की डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे तर रामशेजच, कारण शाळेच्या सगळ्या सुट्ट्या पायथ्याच्या आशेवाडीत गेल्या. त्यामुळे पंचवटीत मिसळ हाणून आम्ही कसारा घाट उतरलो तेव्हा समुद्रकाठचा किल्ला म्हणजे फार तर वाळूतली पडकी भिंत असेल, अशी माझी समजूत होती. वडखळच्या ट्रॅफिकबद्दल न बोललेलंच बरं.

रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडून साळाव मागे टाकलं आणि समोर समुद्रात घुसलेली डोंगराची जीभ दिसली. दीपगृहापासून वर चढलो. धाप लागली तेव्हा जरा घरच्यासारखं वाटलं.

वर गेल्यावर जागेचं मोल कळतं. खाली कुंडलिकेचं मुख, पलीकडे रेवदंडा. पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास तिथे कोट बांधायला घेतला. या डोंगरावर कुणी तोफा चढवल्या, की तो कोट आणि बंदर दोन्ही त्याच्या माऱ्यात. अहमदनगरच्या निजामशहाने नेमकं तेच केलं आणि पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये हा डोंगर त्याच्याकडून हिसकावला. मग त्यांनी चिंचोळ्या माथ्यावर आडव्या भिंती घालून किल्ल्याचे कप्पे पाडले. एक दरवाजा फोडला तरी पुढे दुसरा, त्यापुढे तिसरा. आमच्या रामशेजला असलं काही नाही, सरळसोट कडा हाच तट; तरी मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुलवलं.

इथे मात्र १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि कप्प्यांचा हिशेबच संपला. पुढच्या वर्षीच्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सत्ता गेली, पायथ्याचं ख्रिस्ती गाव राहिलं.

खरी गंमत त्या गावात आहे. उतरल्यावर एका ओट्यावर पाणी मागितलं. आजी माझ्याशी चोख मराठीत बोलल्या आणि आत वळून नातवाला जे म्हणाल्या त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही.

"ही कुठली भाषा, आजी?"

"नौ लिंग. म्हणजे आमची भाषा."

बाहेरचे लोक तिला क्रिस्ती म्हणतात. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. शब्द पोर्तुगीज, पण आजूबाजूच्या मराठीचा संग इतका, की क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी! देवघेव दोन्हीकडून झाली म्हणा. पगार, चावी, बटाटा हे शब्द आपण पोर्तुगिजांकडूनच घेतले. सकाळी मिसळीबरोबर दोनदा मागून घेतलेला पावसुद्धा त्यांचाच, हे मी आजींना सांगितलं.

त्या हसल्या. "मिसळ कसली पावाबरोबर? मासळी खा," म्हणाल्या आणि नातवाला पुन्हा काहीतरी सांगितलं. या वेळी थोडं समजलं, कारण तो आतून ताट घेऊन आला.