आमची वाटचाल: सायकलच्या आऊटपासून एमजीच्या चाकापर्यंत

पुण्यात नाना पेठेतलं आमचं दुकान मुळात सायकलचं. बाबा तासावर सायकली भाड्याने द्यायचे, पंक्चर काढायचे आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचे. त्यांचं खरं कसब या आऊट काढण्यातच. सायकल उलटी टाकायची, चाक फिरवायचं, फोर्कला टेकवून खडू धरायचा. जिथे खडू घासला त्या बाजूची तार पाव आटा सैल, पलीकडची पाव आटा आवळ. मी दहावीच्या सुट्टीत हे शिकलो, तेव्हा वाटलं होतं की यावर काही आयुष्य निघणार नाही. पुढे सायकली आटल्या, भाड्याचं रजिस्टर बंद झालं. जावा, येझदी, बुलेटच्या चाकांवर काही वर्षं निभावली. मग बिनतारांची अलॉय व्हील आली आणि तेही काम निम्म्यावर आलं.

एका पावसाळ्यात आमचे एक जुने गिऱ्हाईक, पेशाने डॉक्टर, रिक्षात मांडीवर एक चाक घेऊन आले. तारांचं होतं, पण मोटारीचं. त्यांची एमजी कंपनीची एमजीए गाडी, १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनायची ती.

"अरे, महिन्यात तिसऱ्यांदा बसलीय. बाबा आहेत का?"

पहिली दोन पंक्चरं त्यांनी एका मोठ्या टायरवाल्याकडे काढून घेतली होती. दर वेळी नवी ट्यूब, दर वेळी नवं बिल. मीही तेच करायला निघालो होतो, पॅचवर सोल्यूशन लावूनही झालं होतं. बाबा आतून म्हणाले, "थांब. भोक कुठे आहे ते बघितलंस का?"

आमचा आजचा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे. टायर खोलायच्या आधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची खूण करायची आणि ट्यूब बाहेर काढली की टायरला लावून बघायची. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडे असेल तर दोष तारेचा किंवा रिम टेपचा, म्हणजे तारांच्या टोकांवर घातलेल्या पट्ट्याचा. बाहेरच्या अंगाला असेल तर काटा, खिळा नाहीतर टायरच्याच आत काहीतरी. बाजूला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर टायर चढवताना पट्टीने ट्यूब चिमटली. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर रिममधलं व्हॉल्व्हचं भोक तपासायचं.

डॉक्टरांच्या ट्यूबला भोक आतल्या अंगाला होतं. रिमच्या खाचेत बोट फिरवलं आणि रक्तच आलं. एमजीएच्या त्या चाकाला ४८ तारा, म्हणजे रिमला ४८ भोकं, प्रत्येकात एक निपल, म्हणजे तार आवळणारा बारका नट. (म्हणूनच या चाकाला ट्यूब लागते, आणि ट्यूब फुटली की हवा या भोकांतून भसकन जाते, गाडी घरापर्यंतही पोहोचत नाही.) कोणीतरी कधीतरी काही तारा बदलताना जरा लांब घातल्या होत्या. सात तारांची टोकं निपलच्या वर दोन-तीन मिलिमीटर आलेली. वरचा रबरी पट्टा वाळून पापडासारखा झालेला, त्यावर कोणा शहाण्याने वायरमनची चिकटपट्टी गुंडाळलेली. धावताना चाक तापलं की तिचा डिंक वितळतो, पट्टी सरकते आणि तारेचं टोक मोकळं होतं. टोकं ग्राइंडरने निपलला समतल केली, कानस मारली, गंज पॉलिश पेपरने उतरवला आणि मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पट्टा केला. झालं, असं वाटलं.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टर पुन्हा दारात. तेच चाक. मी अक्षरशः शरमलो.

या वेळी भोक बाहेरच्या अंगाला होतं आणि टायरमध्ये खिळाबिळा काही नाही. बाबांची एक युक्ती होती: टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे तंतू अडकेल तिथे काटा. कापूस कुठेच अडकेना. मग ट्यूब उन्हात धरली, तर तिच्यावर एक चौकोन दिसला, आगपेटीएवढा, गुळगुळीत झालेला, कडेने काळी भुकटी. टायरमध्ये त्याच जागी कंपनीचा कागदी बारकोड चिकटवलेला! टायर रेडियल, परदेशातून मागवलेलं, ट्यूबलेस म्हणून बनवलेलं, त्यात ट्यूब घातलेली. रेडियलच्या भिंती धावताना जास्त दबतात, आत ट्यूब सतत घासते, आणि त्या कागदाच्या कडेने चार महिन्यांत तिला कापलं होतं. स्टिकर खरवडून काढला, आतल्या रेघा घासल्या, शंखजिऱ्याची पूड मारली आणि रेडियलसाठीचीच ट्यूब घातली. हवा भरली, सगळी सोडली, पुन्हा भरली, म्हणजे ट्यूबची घडी उलगडते. आजही आम्ही प्रत्येक चाकाला असंच करतो. पोरं कंटाळतात, कंटाळू देत.

तिसरा धडा त्याच गाडीच्या दुसऱ्या चाकाने दिला. ट्यूबचा व्हॉल्व्ह टीआर १३, त्याला साडेअकरा मिलिमीटरचं भोक लागतं. रिमचं भोक टीआर १५ या जाड व्हॉल्व्हचं, जवळपास सोळा मिलिमीटरचं. व्हॉल्व्ह त्यात डुलायचा, कलायचा आणि बुडाशी फाटायचा. शेजारच्या लेथवाल्याकडून नायलॉनचे चार बुश, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या कड्या, करून घेतले. वीस वर्षांहून जास्त झाली, डॉक्टरांच्या गाडीत ते अजून आहेत.

डॉक्टरांनी चार ठिकाणी सांगितलं. मुंबईहून चाकं येऊ लागली, मग कोल्हापूर, गोवा. जग्वार ई-टाइपची ७२ तारांची चाकं पहिल्यांदा आली तेव्हा बाबा नुसतेच स्टूलवर बसून बघत राहिले. त्यांनी एकेका तारेवर पान्याने टकटक केली. ताणलेली तार खणखणते, सैल तार ठप्प वाजते. दोन ठप्प निघाल्या.

सगळंच सुरळीत गेलं असं नाही. या चाकांना बोल्ट नसतात, मधोमध पंख असलेला एकच मोठा नट असतो आणि तो हातोड्याने ठोकून सोडवायचा. डाव्या चाकाचे आटे नेहमीसारखे, उजव्याचे उलटे. चाक पुढे जाताना ज्या दिशेला फिरतं, त्या दिशेला ठोकलं की नट सुटतो. हे मला ठाऊक होतं, माझ्या कारागिराला मी सांगितलं नव्हतं. त्याने लोखंडी हातोड्याने उजवा नट उलट दिशेला बडवला. क्रोम गेलं, एक पंख वाकला. नवा नट माझ्या खिशातून आला, महिन्याची कमाई गेली. तेव्हापासून दुकानात तांब्याचा हातोडा आहे आणि लोखंडीला या गाड्यांजवळ मज्जाव.

लोक विचारतात, निपलवर सिलिकॉन भरून ट्यूबलेस करून द्या. नव्या, त्यासाठीच बनवलेल्या रिमवर होतं. जुन्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटाच नसतो, शिवाय पुढे आऊट काढायला निपल फिरवला की सील गेलं. आम्ही नाही म्हणतो. काही जण रागावून जातात, त्यातले काही परत येतात.

२०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणजे गाड्या महिनोन् महिने उभ्या. उभ्या गाडीची हवा उतरते, ट्यूबला घडी पडते, पावसाचं पाणी निपलमधून रिममध्ये झिरपतं. आमचं काम त्यानंतर वाढलंच.

बाबा आता नाहीत. डॉक्टरांची गाडी त्यांची नात चालवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "काका, पुन्हा बसली." रात्रभर मला झोप नाही. तारा? बुश? पट्टा सरकला? सकाळी जाऊन खडूची खूण केली, टायर खोललं, ट्यूब लावून बघितली. बाहेरच्या अंगाला भोक, आणि टायरमध्ये दीड इंचाचा सरळ, साधा खिळा. पॅच मारला, शंभर रुपये घेतले आणि तिने केलेला चहा पिऊन परत आलो.