पीआरची फाइल मेलबर्नची, कागद सोलापूरचे

सुट्टीला सोलापुरात आलो की पहिला प्रश्न ठरलेला: "पीआरला किती लाख दिले ओ?" पीआर म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहायचा परवाना. त्याची फी भरली, पण ती सरकारला. मालकाला एक पैसा दिला नाही. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या, म्हणजे कंपनीने कामगाराला व्हिसासाठी पाठबळ देण्याच्या, बदल्यात पैसे घेणं आणि देणं, दोन्ही डिसेंबर 2015 पासून बेकायदा आहे. तरी "स्पॉन्सर मिळवून देतो" म्हणणारे आपल्याकडे फिरतातच. मलाही एकाचा फोन आला होता. मायग्रेशन एजंट म्हणून तुमचा नोंदणी नंबर काय, एवढं विचारल्यावर त्याने फोन ठेवला.

मी सीएनसी मशिनिस्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे सुटे भाग घडवणारा. चिंचोळी एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो, पुढे सेटर झालो. तिथून मेलबर्नच्या डँडेनाँग भागातल्या एका छोट्या वर्कशॉपने 482 या तात्पुरत्या व्हिसावर बोलावलं आणि पुढे पीआरच्या 186 व्हिसासाठी नॉमिनेट केलं, म्हणजे सरकारकडे माझं नाव सुचवलं. आधी तीन वर्षं काम केल्याशिवाय तो मार्ग खुला होत नसे. 25 नोव्हेंबर 2023 पासून ती अट दोन वर्षांवर आली. त्यात एक मेख आहे, बिनपगारी रजा त्या दोन वर्षांत धरत नाहीत. वडिलांच्या ऑपरेशनला आलो होतो ती रजा बिनपगारीच होती, म्हणून अर्ज तेवढा पुढे ढकलला. तोवर 1 जुलै 2024 उलटला आणि किमान पगाराची अट 70,000 डॉलरवरून 73,150 झाली. मालकाने कुरकुर न करता पगार वाढवला, हे त्याचं मोठेपण. व्हिसाची फीही त्याच तारखेला वाढून 4,770 डॉलर झाली होती. बायको-मुलाची वेगळी.

या प्रकरणाचे दोन भाग असतात. नॉमिनेशन कंपनीचं: नोकरी खरी आहे का, पूर्णवेळ आहे का, निदान दोन वर्षं टिकेल का, पगार तिथल्या लोकांइतका आहे का. व्हिसाचा अर्ज आपला: वय 45 च्या आत, आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत किमान 6, मेडिकल, पोलीस दाखला. नॉमिनेशन नाकारलं गेलं तर आपला अर्ज कितीही चोख असला तरी पडतो. नॉमिनेशनबरोबर ट्रेनिंग फंडाची लेव्ही असते, छोट्या कंपनीला 3,000 डॉलर, आणि ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. कंपनीच्या अकाउंटंटने ताळेबंद द्यायला फार रखडवलं. त्यात मी काय करणार? चहाच्या सुट्टीत मालकाला आठवण करायची, तीही हसत.

आपल्या भागाचे कागद मात्र सगळे सोलापुरात होते, आणि ते बायकोने जमवले. ती मुलाला घेऊन आई-वडिलांजवळ जुळे सोलापुरात राहत होती. तिचं नाव लग्नात बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आधारवर सासरचंच पण स्पेलिंग निराळं. लग्नानंतर बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतं, हे तिकडच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात कसं यावं? विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जोडलं. फॉर्म 80 मध्ये आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. तिथेही दोन्ही लिहिली, एकही दडवलं नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा मोकळीच होती, ती महापालिकेत जाऊन भरून घेतली. पोलीस पडताळणीच्या वेळी शेजारच्या काकूंनी हवालदाराला चहा पाजून आमची तीन पिढ्यांची हकिकत सांगितली म्हणे.

खरी धास्ती होती इंग्रजीची. तिचं बी.ए. मराठी माध्यमातून. सोबतच्या प्रौढ माणसाला कामचलाऊ इंग्रजी येतं याचा पुरावा नसला, तर जादा काही हजार डॉलर भरावे लागतात. आयएल्ट्सची सरासरी 4.5 आली तरी चालतं. ती रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर व्हिडिओ कॉलवर माझ्याशी इंग्रजीत भांडायची, तोच सराव. मेलबर्नमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची. पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली आणि पास झाली. माझ्या मते या फाइलमधली सगळ्यात कष्टाची पानं तिची आहेत, माझं नाव फक्त वर आहे.

मंजुरी ईमेलने आली. पासपोर्टवर शिक्का-स्टिकर काही नसतं. आई म्हणाली, "मग लोकांना दाखवायचं काय?" ऑनलाइन तपासता येतं म्हटलं, तर तिला ते काही पटलं नाही. राहायचा हक्क कायमचा आहे, पण या व्हिसावर ये-जा करता येते 5 वर्षं. पुढे बाहेर पडून परत जायचं तर रेसिडेंट रिटर्न व्हिसा काढावा लागतो. म्हणून गड्ड्याच्या यात्रेला यायचं ठरलं की तिकिटाआधी ती तारीख बघतो.