तुम्ही विचारलंत म्हणून: आठ तारांच्या गिटारला कुठला पिकअप?

पिकअप म्हणजे तारांखाली बसणारा चुंबक आणि वायरचे वेढे (कॉइल), तारांची हालचाल विजेत बदलून अँपकडे पाठवणारा भाग. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "आठ तारांची गिटार आहे, सर्वांत जाड तार ड्रॉप ई-ला उतरवली आहे. क्लीनवर छान वाजते, पण डिस्टॉर्शन चढवलं की नुसती घरघर. सर्वांत हॉट पिकअप कुठला घेऊ?"

त्यातला 'हॉट', म्हणजे जास्त आउटपुटचा, आधी खोडून टाका. आठ तारांच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत खालचा सूर एफ शार्प, म्हणजे 46.25 हर्ट्झ. ड्रॉप ई म्हणजे 41.2 हर्ट्झ, हा थेट बेस गिटारच्या जाड तारेचा सूर झाला. एवढा खालचा सूर जोरात आत गेला की अँपचं डिस्टॉर्शन आधी त्यालाच धरतं आणि वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे त्याच्या पटीतले सूर, त्याच्याबरोबर हेलकावे खातात. आपल्या कानाला नोट कळते ती मात्र वरच्या हार्मोनिक्सवरून. तेव्हा पिकअपमधून हवा आहे तो कमी बास आणि स्पष्ट मध्य. जास्त आउटपुटचा पिकअप बसवला तर घरघर वाढते, आणि दोष अँपला दिला जातो.

जागेचा फरक किती पडतो ते पाहा. 27 इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 686 मिमी. ब्रिजपासून 40 मिमीवरच्या पिकअपला मूळ सुराची हालचाल तारेच्या मध्याच्या तुलनेत जेमतेम 18 टक्के मिळते, आठवा हार्मोनिक मात्र जवळजवळ पूर्ण. चोविसाव्या फ्रेटपाशी, म्हणजे ब्रिजपासून 171 मिमीवर, तोच मूळ सूर 70 टक्के होतो आणि चौथा हार्मोनिक गायब. म्हणून जाड तारेवर रिफ वाजवायची ती ब्रिज पिकअपवर. नेक पिकअप क्लीनसाठी आणि सोलोसाठी. नेकला ब्रिजसारखाच दणकट पिकअप जोडीनं घेतात, ते पैसे बहुधा वाया जातात.

आता आकडे. जाहिरातीत डीसी रेझिस्टन्स (कॉइलचा विजेला विरोध) असतो, अमुक किलोओम, आणि सगळे त्यावरून जोर ठरवतात. बारीक वायर वापरली की वेढे तेवढेच ठेवूनही रेझिस्टन्स वाढतो. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानानंही बदलतो: 20 अंशांना 12 किलोओम दाखवणारा पिकअप नागपुरात मे महिन्यात 40 अंशांना 13च्या आसपास दाखवेल. उन्हानं तो काही हॉट होत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच बांधणीच्या दोन पिकअपची तुलना करायला हा आकडा ठीक आहे, त्यापुढे नाही.

मॅग्नेटचं थोडक्यात: सिरॅमिक साधारण कडक आणि आवळलेला, अल्निको 5 थोडा मोकळा. सेमोर डंकनचा नाझगुल सिरॅमिक, पेगासस अल्निको 5. भरपूर गेनवर एकेक तार ठोकायची असेल तर पहिला, कॉर्ड उलगडून ऐकू यायला हवी असेल तर दुसरा. पण वेढे आणि कॉइलची रचना मॅग्नेटइतकीच बोलते, त्यामुळे नुसतं 'सिरॅमिक' वाचून घेऊ नका.

अॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारा छोटा अँप असलेला) की पॅसिव्ह (बॅटरी नसलेला)? आयबानेझनं 2007 साली आरजी2228 ही आठ तारांची गिटार आणली तेव्हा तिच्यात ईएमजी कंपनीचे 808 हे अॅक्टिव्ह पिकअप होते, म्हणून आठ तारा म्हणजे अॅक्टिव्ह हे समीकरण काही काळ पक्कं झालं. अॅक्टिव्हमध्ये आवाज शिस्तीत येतो, लांब केबलनं वरचे सूर मरत नाहीत, हिस कमी. उलट बोटांचा हलका-जोरदार फरक पॅसिव्हमध्ये जास्त कळतो. एकाच पिकअपमधून दोन आवाज हवे असतील तर फिशमन फ्लुएन्स पाहा, पण बॅटरी तो ईएमजीपेक्षा बरीच लवकर संपवतो.

खरी गंमत बसवताना होते. 808चा आकार 101.6 × 38.1 मिमी, सात तारांचा 707 म्हणजे 88.9 × 38.1. पॅसिव्ह पिकअपची आकारमानं वेगळी, त्यामुळे जुना पिकअप काढून खाच पट्टीनं मोजल्याशिवाय ऑर्डर करू नका. मल्टिस्केल गिटारवर (जाड तारा लांब, बारीक आखूड) पिकअप तिरका बसतो आणि गोल पोल, म्हणजे पिकअपची तारेखालची टोकं, तारेखालून सरकतात. तिथे पट्टीचा पोल असलेला पिकअप घेतलेला बरा.

पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता रेझिस्टर, बदलायला विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक. पॅसिव्हला 500 किलोओम, अॅक्टिव्हला 25. पॅसिव्ह 25वर जोडला तर आवाज दबतो, अंगावर गोधडी घातल्यासारखा. अॅक्टिव्हला 500 ठेवला तर व्हॉल्यूम एकदम चालू-बंद होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पॉट घेणार असाल तर ए आणि बी नीट वाचा: ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला बहुतेकांना ए आवडतो. अॅक्टिव्हला जॅक स्टिरिओ लागतो, बॅटरीची काळी वायर रिंगला, म्हणजे केबल काढली की बॅटरी बंद. केबल खोचून ठेवली तर गिटार वाजत नसतानाही बॅटरी उतरत राहते.

पिकअपची उंची: शेवटच्या फ्रेटवर दोन्ही कडेच्या तारा दाबून पिकअप आणि तारेमधलं अंतर मोजा. जाड बाजूला 2.5 ते 3 मिमी, बारीक बाजूला 1.5 ते 2, इथून सुरुवात. जाड तार सैल असते, मॅग्नेट तिला ओढतो, मग सूर डळमळतो आणि ट्यूनरचा काटा ठरत नाही. असं झालं की इंटोनेशनला हात लावण्याआधी तीच बाजू अर्धा मिमी खाली करा.

आणि मुळात पिकअप घेण्याआधी तार बघा. 27 इंचावर 0.074 इंच जाडीची तार एफ शार्पला साधारण 7 किलो ताण धरते, ड्रॉप ई-ला 5.5च्या जवळपास. ती फडफडणारच. 0.080 ते 0.084 लावून पाहा. अँपच्या आधी ट्यूबस्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण: 720 हर्ट्झच्या खालचं तो हळूहळू आवरतो. एवढ्यावर निम्म्या लोकांचा प्रश्न मिटतो.

तरीही बदलायचा असेल तर दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र जोडताना रंग जपा. सेमोर डंकनमध्ये काळी वायर हॉट, लाल-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. दिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकमेकींना. सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर 20 किलोओमवर ठेवून हॉट-ग्राउंड जोडा, पोलांवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवा आणि झटकन उचला. आकडा वर उडतो की खाली, ते दोन्ही पिकअपवर सारखं हवं. उलटं आलं तर दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पातळ, नाकातला येईल. मग एकाच पिकअपची हॉट आणि ग्राउंड वायर अदलाबदल करा, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.