पोरीचं कार्ड आलं, पण ते ग्रीन कार्ड नव्हे

आमच्या लेकीला अमेरिकेत काम करायची परवानगी मिळाली. ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, अजून मिळालेलं नाही, त्याचा अर्ज चालू आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जानेवारीपासून मी राजारामपुरीत, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींना, लग्नाच्या पंगतीत सगळीकडं सांगत आलेय. तरी परवा भाजी घेताना शेजारच्या मावशींनी हात धरलाच, "ग्रीन कार्ड आलं न्हवं पोरीचं? पेढं कवा?" त्यांचा आनंद खरा होता. म्हणून आज सगळं नीट लिहून काढते. कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांतली पोरं याच वाटेवर आहेत, आणि इथं मागं राहिलेल्या आईबापांना त्यातलं अर्धंच माहीत असतं.

लेक सिव्हिल इंजिनिअर. पदवी इथली, पुढचं शिक्षण तिकडं. शिक्षण झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काही काळ नोकरी करता येते, त्याला ओपीटी म्हणतात. सगळ्यांना १२ महिने, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांतल्या पदवीला वर २४. ही मुदत संपेपर्यंत ती पुलांचं डिझाइन करणाऱ्या एका फर्ममध्ये होती. पुढं नोकरी करायला जो एच-१बी व्हिसा लागतो, त्याच्या लॉटरीत नाव लागलं नाही. मधल्या काळात लग्न झालं. जावई तिथंच जन्मलेले, त्यांचे आईवडील मूळचे सांगलीचे. नवरा नागरिक असेल तर बायकोला 'वर्षाला इतकीच ग्रीन कार्डं' अशी रांग नसते, त्यामुळे नवऱ्याची शिफारस आणि तिचा अर्ज एकाच वेळी भरता आला. २०२५ च्या उन्हाळ्यात तिची ओपीटी संपली आणि हे सगळे अर्ज गेले.

मुख्य अर्ज आय-४८५. तो तिथंच राहून कायम रहिवासी होण्याचा. तो चालू असेपर्यंत तिला तिथं राहता येतं, पण पगार घेता येत नाही. पगारी कामासाठी आय-७६५ हा वेगळा फॉर्म भरायचा, आणि देशाबाहेर जाऊन परत यायचं असेल तर आय-१३१ हा तिसरा. २०२४ च्या १ एप्रिलपासून प्रत्येकाची फी वेगळी झाली. मुख्य अर्जाला १४४० डॉलर, कामाच्या परवानगीला २६०, प्रवासाच्या परवानगीला ६३०. नवऱ्याची शिफारस, डॉक्टरी तपासणी आणि वकील हा खर्च याहून निराळा. जावयांनी न मागता सगळं भरलं. लेकीला मात्र त्यातला प्रत्येक डॉलर टोचला, कारण त्याच महिन्यात तिचा पगार बंद झाला होता.

कागदांचा निम्मा भाग कोल्हापुरातून जायचा होता. आयुष्य सहकारी बँकेच्या काउंटरवर गेलं, त्यामुळे कागदाला मी घाबरत नाही. जन्माचा दाखला तिच्या पासपोर्टच्या वेळी काढलेला होता, पण तो घडी पडून पडून मधोमध फाटायला आलेला. भाऊसिंगजी रोडवर महापालिकेत जाऊन नवीन घेतला. घरी आणून खिडकीच्या उजेडात पासपोर्टशेजारी ठेवला आणि अक्षर न अक्षर लावून बघितलं. तिच्या वडिलांच्या नावात, इंग्रजी स्पेलिंगला, दाखल्यावर शेवटी एक 'ए' जादा. आपल्याकडं निम्म्या नावांचं असं असतं. बँकेत केवायसीला याच एका अक्षरापायी माणसं परत पाठवावी लागायची, म्हणून मी ते लगेच वकिलांना कळवलं. त्यांनी दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते करून पाठवलं.

दाखला बघताना नोंदणीची तारीखही बघा. जन्मानंतर लगेच नोंद असेल तर प्रश्न येत नाही. नोंद फार उशिरा झालेली असेल तर शाळेचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं अशी जोड द्यावी लागते. आणि कागद फक्त मराठीत असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्यानं खाली लिहून सही करायची, की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. एवढंच. नोटरीचा शिक्का लागत नाही. कोर्टाबाहेर भाषांतर अधिक शिक्का असे पैसे मोजणारी माणसं मी बघितलीत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. आमचं भाषांतर माझ्या मैत्रिणीनं केलं, ती हायस्कूलला इंग्रजी शिकवायची.

दुसरा कागद लसीकरणाचा. लक्ष्मीपुरीतल्या डॉक्टरांनी दिलेलं पिवळं कार्ड मी इतकी वर्षं तिच्या पत्रिकेबरोबर जपलं होतं. त्यावर निळ्या शाईत तारखा, काही ठिकाणी नुसती सही. त्याचे फोटो पाठवले. तिकडच्या नेमलेल्या डॉक्टरांनी त्यातलं जेवढं वाचता आलं तेवढं धरलं, राहिलेल्या लसी परत टोचल्या. क्षयासाठी रक्ताची तपासणी असते. लहानपणी दिलेल्या बीसीजीमुळं तिचा निकाल चुकत नाही, त्यामुळे तिथं काळजी नको. हा तपासणीचा फॉर्म डिसेंबर २०२४ पासून मुख्य अर्जाबरोबरच द्यावा लागतो, नंतर देतो म्हणून चालत नाही.

अर्ज पोचल्याच्या पावत्या आल्या तेव्हा इथं आम्ही देवापुढं साखर ठेवली. लेक म्हणाली, "आई, ही नुसती पोच आहे गं." त्या पावतीवरच छापलेलं असतं की हिच्यामुळं कुठलाही दर्जा किंवा लाभ मिळत नाही. मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला बोलावलं. ते झालं. त्यानंतर काही नाही. वेबसाइटवर एकच ओळ, रोज तीच.

त्या महिन्यांबद्दल मला खरं बोलायचंय, कारण बाकीचं वकील सांगतातच.

कमावती मुलगी अचानक घरी बसते तेव्हा काय होतं, हे फोनवरून कळत नाही. ती व्हिडिओवर हसायची. मागं ओटा चकचकीत दिसायचा. आमच्याकडचा तांबडा-पांढरा रस्सा करून जावयांच्या मित्रांना जेवायला घालायची. पण शैक्षणिक कर्जाचा हप्ता इथं कोल्हापुरात दर महिन्याला जायचा, तो नोकरी लागल्यापासून तिच्या पगारातून जायचा. पगार थांबल्यावर एक हप्ता तिनं शिलकेतून भरला, आणि पुढच्या महिन्यात रात्री उशिरा तिचा फोन आला. तिकडं सकाळ असेल. म्हणाली, "आई, त्याला मागायला नको वाटतं गं. आधीच फी त्यानं भरलीय." जावई नाही म्हणणारे नव्हतेच. पण स्वतः घेतलेलं कर्ज स्वतः फेडायचं, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. पुढचे हप्ते आमच्या पेन्शनमधून गेले. तिला ते फार लागलं. मला अजिबात लागलं नाही, आणि हे मी तिला त्या रात्री आणि नंतरही सांगत राहिले.

यात नातेवाईक प्रश्न विचारतात. "एवढी शिकली, मग घरी का?" "तिकडं काही जमेना काय?" गणपतीला जमलेल्या घरात एकानं उपाय सुचवला, पुण्यातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करायचं, पगार इथल्या खात्यात घ्यायचा, कुणाला कळतंय. लेकीनं वकिलांना विचारलं. त्यांनी ठाम सांगितलं की शरीरानं तिथं बसून पगारी काम करायचं नाही, पैसे कुठल्या का खात्यात जाईनात. तिनं ते तंतोतंत पाळलं. रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मात्र जायची, बिनमोबदला. त्याला हरकत नाही असं वकील म्हणाले होते. आठवड्यातल्या त्या एका दिवशी तिचा आवाज वेगळा असायचा.

लवकर द्या अशी विनंती करता येते. पण नुसतं नोकरीसाठी हवंय हे कारण पुरेसं धरत नाहीत. सोबत एखादं मोठं, कागदोपत्री दाखवता येणारं संकट लागतं. तिच्या फर्मनं जागा राखून ठेवण्याचा प्रयत्न केला, पण पुलाचं काम थांबत नाही. त्यांनी दुसरा माणूस घेतला. त्यात त्यांचा दोष नव्हता. ड्रायव्हिंग लायसन्सची मुदतही तिच्या राज्यात व्हिसाच्या कागदाला बांधलेली, त्यामुळे त्याचंही नूतनीकरण या धावपळीत. बाहेर पडणं कमी झालं. अशा वेळी इथून रोज "कार्ड आलं का?" विचारणं म्हणजे पोरीला रोज नापास झाल्याची आठवण देणं. मी आमच्या घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, आलं की ती सांगेल, तुम्ही जेवण काय केलं ते विचारा.

जानेवारी २०२६ मध्ये कार्ड आलं. तिनं कॅमेऱ्यासमोर धरलं. आपल्या आधार कार्डाएवढंच, तिचा फोटो, खाली सी०९ हा वर्ग. हा वर्ग म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असलेली व्यक्ती. आणि वर इंग्रजीत छापलेलं, अमेरिकेत परत प्रवेशासाठी हे कार्ड चालणार नाही. मी ते वाचलं आणि काही बोलले नाही, कारण तिला आधीच ठाऊक होतं. प्रवासाची परवानगी अजून यायची आहे. तिच्या परिस्थितीत ती परवानगी हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर मुख्य अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणजे यंदा त्र्यंबोलीची यात्रा किंवा शाही दसरा बघायला ती येईल का, हे आजही सांगता येत नाही. तिच्या आजींचं वय ८८. आजी रोज विचारतात, आम्ही रोज खरं तेच सांगतो.

काम मात्र मिळालं, दुसऱ्या फर्ममध्ये, पुलांचंच. नोकरीवर घेताना भरायच्या आय-९ फॉर्मसाठी नोकरी देणाऱ्याला हे कार्ड दाखवलं की ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही सिद्ध होतात. अमुकच कागद दाखव, ग्रीन कार्डच दाखव, असा हट्ट त्याला कायद्यानं धरता येत नाही. पहिल्या पगारातून तिनं हप्ता भरला आणि मला बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवला.

आता मुदतीचं, कारण इथं नियम नुकतेच बदललेत आणि जुनी माहिती फॉरवर्ड होत फिरतेय. सप्टेंबर २०२३ पासून हे कार्ड पाच वर्षांपर्यंतचं मिळायचं. ५ डिसेंबर २०२५ पासून, त्या दिवशी प्रलंबित असलेल्या अर्जांनाही, जास्तीत जास्त १८ महिने. लेकीचं त्यातच आलं. त्याहून मोठा बदल ३० ऑक्टोबर २०२५ चा. पूर्वी मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज टाकला की जुनं कार्ड आपोआप ५४० दिवस पुढं चालायचं. त्या तारखेपासून भरलेल्या अर्जांना ही सवलत नाही. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर कामावर जाणं थांबवावं लागतं, पुन्हा तेच घरी बसणं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीपासून भरता येतो. पहिल्याच दिवशी भरा. पोरं कामात असतात, ही तारीख आपण इथून सांभाळू शकतो.

आमच्या गल्लीतला एक मुलगा नोकरीच्या वाटेनं या रांगेत आहे. त्याची गोष्ट आणखी लांबलचक. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर सहसा जात नाहीत. आपल्या देशातले अर्जदार प्रचंड, म्हणून रांग वर्षानुवर्षं हलत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये रांगेतल्या पुष्कळ जणांना अचानक अर्ज भरायची मुभा मिळाली, तेव्हा त्यानं आय-४८५ टाकला. आजतागायत तो असल्याच कार्डावर काम करतोय. त्याचा अर्ज २०२४ च्या फीवाढीआधीचा, त्यामुळे कार्डाच्या नूतनीकरणाला त्याला पैसे पडत नाहीत. अर्ज १८० दिवसांहून जास्त काळ चालू असल्यानं त्याच प्रकारच्या कामात नोकरी बदलायची मोकळीकही आहे. त्याच्या आईला हे काहीच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, पोरगं आपल्यापासून काहीतरी लपवतंय. आम्ही दोघी एका संध्याकाळी रंकाळ्यावर बसून बोललो, आणि घरी जाताना तिनं मुलाला फोन लावला.

ओळखीतल्या कुणाची पोरं या टप्प्यावर असतील तर जन्माचा दाखला आणि पासपोर्ट घेऊन घरी या. अक्षरं मी लावून बघते. आईवडिलांपैकी कुणाचा अर्ज असेल आणि जन्म १९७० च्या आधीचा असेल तर आधी महापालिकेत नोंद शोधायला लावा. नोंद सापडली नाही तर तसा लेखी दाखला मागा, तोच पुढं लागतो. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.