खाणीपर्यंत

दसरा उलटून आठवडा झाला की नाशिकच्या टेकड्यांवरील गवत एकाएकी पिकते आणि त्यातून चालणाऱ्याच्या पायमोज्यांत मूठभर कुसळे घरी येतात. अशाच एका दुपारी, ऑक्टोबरचे ऊन डोक्यावर घेत, मी पांडवलेण्यांच्या पलीकडल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीकडे निघालो होतो. खाणीकडे फिरायला कोण जाते, असे घरी विचारले गेले; त्याला माझ्याकडे आजवर धड उत्तर नाही.

कड्यावर अंगठा बसेल एवढ्या उभ्या खोबणी सारख्या अंतराने वरून खाली उतरलेल्या आहेत. सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांची अर्धी बाजू स्फोटाबरोबर गेली आणि अर्धी कड्याला राहिली. त्यांपैकी एकीत कोळ्याने जाळे विणले होते. खाली, जिथे डंपर वळत असतील, तिथे पावसाचे हिरवे पाणी साठले आहे आणि काठावरच्या खडीच्या ढिगातून सोनकी उगवली आहे.

लहानपणी वडील मला अशा खाणींवर नेत, तेव्हा फोडलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत चमकणारे जे काही दिसेल त्याला ते सरसकट गारगोटी म्हणत. गारगोट्या एकमेकींवर घासल्या की ठिणगी पडते, हे ऐकून मी एकदा दोन सुंदर, फिकट गुलाबी स्फटिक घेऊन गोधडीत शिरलो आणि अंधारात ते जोर लावून घासले. ठिणगी पडली नाही, अंथरूणभर चुरा मात्र झाला. ते स्टिल्बाइट होते, गारगोटीहून कितीतरी मऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहून झिओलाइट वर्गातील असे स्फटिक वाढले. नाशिकच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवलेले आहेत. आमच्या घरातले आईने केरसुणीने गोळा केले.

खाणीजवळून लेण्यांचा डोंगर दिसतो, आणि दरवेळी माझ्या मनात तोच हट्टी विचार येतो की लेणे हीसुद्धा एक खाणच आहे, फक्त तिथे जे उरले ते मोलाचे ठरले आणि इथे जे नेले ते. त्या चोवीस लेण्यांतून निघालेला दगड कुठे गेला, याची चौकशी कोणी करत नाही. दहाव्या लेण्यातील, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवलेल्या 3000 कार्षापण नाण्यांचा आणि त्यावरील व्याजाचा चोख हिशोब कोरलेला आहे. लेणे खोदणाऱ्याची मजुरी त्यात नाही. टाकीचे घाव सोसल्याखेरीज देवपण येत नाही, हे वाक्य मला भाषणांतून इतक्या वेळा ऐकावे लागले आहे की आता ते नकोसे वाटते, कारण त्यात टाकी धरणारा हात कधीच येत नाही.

तो हात मी पाहिला होता. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत दुपारी वडार समाजातील एक बाई ‘पाट्याला टाकीऽऽ’ असे ओरडत येत असे. पाटा पायांत धरून ती इतक्या सारख्या लयीत टाके घाली की ओट्यावर झोपलेले आजोबा त्या आवाजाने जागे न होता तो थांबल्यावर जागे होत. दगडाची कपची उडून डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती मान जराशी तिरकी ठेवत असे, आणि काम नसतानाही तिची मान तशीच तिरकी असे.

परतताना नेहमीप्रमाणे एक दगड खिशात घातला. त्याच्या एका बाजूला वाटाण्याएवढी पोकळी आहे आणि तिच्यात साखरेसारखे काहीतरी लुकलुकते.

‘आणि हा आता कुठे ठेवणार?’ बायकोने विचारले.

मिक्सर आल्यापासून पाटा बाल्कनीत पडून आहे. त्याला टाकी लागून तीस वर्षे झाली असतील. त्याच्यावर जागा होती.